रस्त्याच्या नावाने घेतलेला पैसा रस्त्यावरच लागावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या हिवाळी अधिवेशनात पुन्हा हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या जातील. थोडी चर्चा होईल, थोडा गोंधळ होईल आणि त्या मंजूर होतील. माझी उभी नोकरी सरकारी लेखा शाखेत गेली. बिलावरचे लेखाशीर्ष, म्हणजे जमा-खर्चाच्या खात्याचा क्रमांक, बरोबर आहे का, तरतूद शिल्लक आहे का, मंजुरी सक्षम अधिकाऱ्याची आहे का, हे तपासण्याचेच काम. त्यामुळे निवृत्तीनंतरही पुरवणी मागण्यांची यादी मी ओळ न ओळ वाचते. ती वाचताना जो प्रश्न मला सतावतो तो विदर्भातल्या आमदारांपर्यंत जावा, म्हणून हे पत्र. वाहनधारकाकडून, एसटीच्या प्रवाशाकडून आणि पेट्रोल भरणाऱ्याकडून रस्ते आणि वाहतुकीसाठी म्हणून घेतलेला पैसा दुसरीकडे वळवता येणार नाही, असे राज्यघटनेतच का लिहून ठेवू नये?

पैसा जातो कसा, ते आधी सांगते. नवी दुचाकी घेताना आपण वाहन कर भरतो. तो ००४१ या लेखाशीर्षाखाली जमा होतो. एसटीच्या तिकिटात मूळ भाड्यावर १७.५ टक्के प्रवासी कर असतो. तो तिकिटावर वेगळा डोळ्यात भरत नाही, पण प्रवाशाच्या खिशातूनच जातो. पेट्रोल-डिझेलवरचा मूल्यवर्धित कर आणि लिटरमागचा अधिभार विक्रीकराच्या शीर्षाखाली जातो. हे सगळे शेवटी एकाच ठिकाणी पोहोचते, घटनेच्या कलम २६६ मधल्या राज्याच्या एकत्रित निधीत, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीत. मुद्रांक शुल्क तिथेच, दारूवरचे उत्पादन शुल्कही तिथेच. आता खर्चाची बाजू पाहा. रस्ते व पुलांची देखभाल ३०५४ खाली, नवे बांधकाम ५०५४ खाली, एसटीला द्यायची रक्कम ३०५५ खाली. ००४१ मध्ये इतके जमले म्हणून ३०५४ मध्ये इतके दिलेच पाहिजे, असे राज्याला बांधून ठेवणारे घटनेत काहीही नाही. जमा वाढली तरी देखभालीची तरतूद घटू शकते, आणि वर्षाच्या मध्यात पुनर्विनियोजनाचा, म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्याकडे वळवण्याचा, आदेश निघाला की उरलेली रक्कमही सरकते. हे सगळे नियमात बसते. मी स्वतः तपासलेल्या अशा आदेशांत नियमाविरुद्ध काही सापडायचे नाही, आणि माझे म्हणणे नेमके तेच आहे. नियमच तसा आहे.

३१ मार्चच्या रात्री लेखा शाखेत काय चालते ते ज्याने पाहिले आहे त्याला हे जास्त सांगावे लागणार नाही. कुठल्या गावच्या जोडरस्त्याच्या खडीकरणाची तरतूद डिसेंबरात कापली गेली, त्या गावाला ते कधीच कळत नाही. गावात एवढेच कळते की यंदाही काम निघाले नाही.

माझ्या बहिणीचे गाव उमरेडच्या पुढे, भिवापूरच्या बाजूला. मी गणेशपेठेतून एसटीनेच जाते. सकाळच्या गाडीत शाळा-कॉलेजच्या मुली पासवर असतात, म्हातारी माणसे मेडिकलमधून तपासणी करून परतत असतात, बाजाराच्या दिवशी भाजीच्या टोपल्या असतात. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. ही सवलत मी घेते आणि तिचे मोल मला ठाऊक आहे. जी बाई पूर्वी माहेरी वर्षातून एकदा जायची ती आता सणावाराला जाते. सवलत राहिलीच पाहिजे. पण सवलत जाहीर करते सरकार आणि गाडी धावते महामंडळाच्या डिझेलवर. उरलेल्या अर्ध्या तिकिटाचे पैसे सरकारने महामंडळाला द्यायचे असतात. ते पुरे आले नाहीत म्हणून २०२५ च्या एप्रिलमध्ये एसटीच्या चालक-वाहकांच्या हाती मार्चच्या पगाराची ५६ टक्केच रक्कम पडली. उरलेली नंतर मिळाली, पण ज्याच्या घरी महिन्याचा किराणा पगारावर येतो त्याला 'नंतर' या शब्दाचा काय उपयोग? त्याच वर्षी जानेवारीत तिकीट १४.९५ टक्क्यांनी वाढले होते, आणि जूनमध्ये निघालेल्या श्वेतपत्रिकेत महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला गेला. एका हाताने सरकार त्याच प्रवाशाकडून प्रवासी कर घेते आणि दुसऱ्या हाताने त्याच प्रवाशाच्या सवलतीचे पैसे द्यायला उशीर करते. हा कर एकत्रित निधीत न जाता वेगळ्या, बांधलेल्या निधीत जमा झाला असता, तर पगाराचा प्रश्न त्या निधीतूनच सुटला असता.

इंधनाचेही तेच. २०१५ च्या ऑक्टोबरात राज्याने दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये जादा घ्यायला सुरुवात केली. मराठवाडा आणि विदर्भ तेव्हा खरोखर होरपळत होते, आणि त्या दोन रुपयांबद्दल माझ्या ओळखीत कोणी कुरकुर केली नाही. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, पण अधिभार गेला नाही. पेट्रोलवर तर तो पुढे वाढवला गेला. दुष्काळाचे नाव घेऊन सुरू झालेला पैसा पुढे सामान्य महसूल झाला आणि तो कुठल्या कामाला लागला, हे पेट्रोल पंपावरच्या माणसाला सांगायला सरकार बांधील राहिले नाही.

केंद्राकडे बघून समाधान मानावे तर तिथेही चित्र वेगळे नाही. आपल्या मराठी माणसाने, बॅ. मुकुंदराव जयकरांनी, १९२७-२८ मध्ये रस्ते विकास समितीचे अध्यक्षपद सांभाळले होते. रस्ते वापरणाऱ्याच्या पेट्रोलवर जादा शुल्क घ्या आणि ते फक्त रस्त्यांसाठी वेगळे ठेवा, ही त्या समितीची शिफारस. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि गॅलनमागे दोन आणे त्यात जाऊ लागले. १९४३ च्या डिसेंबरात देशभरचे मुख्य अभियंते आपल्याच नागपुरात जमले आणि वीस वर्षांची रस्ते योजना ठरली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही आज शाळेतल्या मुलालाही माहीत असलेली वर्गवारी त्या योजनेतली आहे. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत तिला आजही 'नागपूर प्लॅन' म्हणतात. झिरो माइलजवळून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल, सांगता येत नाही. महापालिकेने तिथे एक फलक लावायला हरकत नाही.

त्या निधीला संसदेने २००० मध्ये कायद्याचा आधार दिला. मग २०१८ च्या वित्त विधेयकात त्याचे नाव 'केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी' झाले आणि यादीत बंदरे, विमानतळ, ऊर्जा, पाणीपुरवठा, सामाजिक पायाभूत सुविधा असे बरेच काही आले. ही कामे वाईट आहेत असे कोण म्हणेल? पण रस्त्यासाठी म्हणून घेतलेल्या पैशाचे प्रयोजन अर्थसंकल्पाच्या सोबत, साध्या बहुमताने बदलता आले, हे लक्षात घ्या. त्याच अर्थसंकल्पात मूळ उत्पादन शुल्क लिटरमागे दोन रुपयांनी उतरवले गेले आणि आठ रुपयांचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर बसला. मूळ शुल्कात राज्यांचा वाटा असतो, उपकरात नसतो. पुढे कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, केंद्राच्या २०१८-१९ च्या लेख्यांवर अहवाल दिला. त्या वर्षी ३५ उपकर आणि तत्सम आकारण्यांतून २,७४,५९२ कोटी रुपये जमले आणि ज्या राखीव निधींत व मंडळांकडे ते जायला हवे होते तिथे पोहोचले १,६४,३२२ कोटी. उरलेले एक लाख दहा हजार कोटी एकत्रित निधीतच राहिले. बचत गटाचा पैसा अध्यक्षबाईंनी चांगल्या कामाला जरी वापरला, तरी गटातल्या बायका वहीत नोंद मागतातच. देशाच्या तिजोरीला यापेक्षा सैल नियम का असावा?

म्हणून मी कायदा म्हणत नाही, घटना म्हणते. कायद्याने निधी बांधण्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत उदात्त प्रयोग महाराष्ट्रानेच केला होता. वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. माझ्या पगारातून तो शेवटपर्यंत कापला गेला आणि तो कुणाच्या तरी हातच्या कुदळीला काम देतो या जाणिवेने मला त्याचा अभिमान वाटायचा. रोजगार हमी कायद्यात त्यासाठी स्वतंत्र निधी आहे. सरकारनेही तेवढीच भर घालायची, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तरीही जमलेला कर वेळेवर आणि पुरा निधीत वळता होत नाही, यावर महालेखापरीक्षकांना वेळोवेळी बोट ठेवावे लागले. कायदा होता, निधी होता, हेतूवर कोणाचे दुमत नव्हते, आणि तरी असे झाले.

घटनेत लिहिले म्हणजे आपोआप होते, असेही मी म्हणणार नाही. विदर्भात राहून कोणी तसे म्हणू शकत नाही. कलम ३७१(२) आमच्यासाठीच आहे. विकास खर्चासाठी निधीचे न्याय्य वाटप, ती राज्यपालांची विशेष जबाबदारी, आणि त्यासाठी विकास मंडळे. हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीतले, आणि मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. मधल्या काळात दांडेकर समितीने अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासातली तूट, मोजला, तो ३,१८६ कोटींचा निघाला. त्यात विदर्भाचा हिस्सा सुमारे ३९ टक्के होता, आणि रस्त्यांचा अनुशेष त्यात वेगळा दाखवला होता. मंडळे आल्यावर काही वर्षे राज्यपालांचे निर्देश निघत राहिले, वाटपाची टक्केवारी ठरत राहिली, आणि आम्हा लेखा शाखेतल्या लोकांना पहिल्यांदा असे कागद दिसले की ज्यांच्यापुढे मंत्रालयातलाही अधिकारी थांबायचा. विदर्भाची रक्कम विदर्भाबाहेर न्यायची तर उत्तर द्यावे लागेल, ही धास्ती त्या काळात खरी होती. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. कारण कलमात मंडळे स्थापन 'करता येतील' असे आहे, 'करावीच लागतील' असे नाही.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. घटनेचा शब्द मागे असला की नोकरशाही खरोखर वचकते. आणि तो शब्द बंधन घालणारा नसला की एक मुदत संपली तरी सगळे संपते.

माझी मुलगी अमेरिकेत इलिनॉय राज्यात असते. तिच्याकडे मुक्कामाला असताना तिथल्या लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला ते मी मुद्दाम वाचले. विस्कॉन्सिनमध्ये २००३ ते २०११ या काळात परिवहन निधीतले एक अब्ज डॉलरहून अधिक दुसऱ्या खर्चाकडे गेले. लोक चिडले आणि २०१४ च्या नोव्हेंबरात सुमारे ८० टक्के मतांनी त्यांनी राज्याच्या घटनेतच तो निधी बांधून टाकला. इलिनॉयने २०१६ मध्ये तेच केले. इंधन कर, वाहन नोंदणी शुल्क, टोल, यांतला पैसा वाहतुकीखेरीज कुठेही नाही. मेरीलँडने २०१४ मध्ये दुरुस्ती करताना एक दार ठेवले: राज्यपालांनी आर्थिक आणीबाणी जाहीर केली आणि दोन्ही सभागृहांनी तीन पंचमांश मतांनी मान्यता दिली, तरच निधीला हात लावता येतो. मला हे शहाणपणाचे वाटते. कोरोनासारखे संकट पुन्हा आले तर दवाखान्याआधी रस्ता, असे कोणीच म्हणणार नाही.

सर्वांत शिकण्यासारखा अनुभव कनेक्टिकटचा. तिथे २०१८ मध्ये प्रचंड बहुमताने दुरुस्ती झाली. पण निधीत आलेला पैसा बाहेर जाणार नाही, एवढीच ती तरतूद होती. पैसा निधीत येण्याआधीच थांबवला तर काय, याचे उत्तर त्यात नीट नव्हते. पुढच्याच वर्षी वाहनविक्रीच्या करातला जो हिस्सा टप्प्याटप्प्याने निधीत यायचा होता तो लांबवला गेला. आपल्या कॅगने दाखवलेला रोगही हाच आहे: जमा होते, वळते होत नाही. म्हणून बंधन हवे ते पैसा वसूल होतो त्या क्षणाला, नंतर नव्हे.

तिथल्या राज्यांना स्वतःची घटना आहे आणि ती लोक मतदानाने बदलतात. आपल्याकडे तसे नाही. महाराष्ट्राला हे एकट्याने करता येणार नाही, संसदेतच जावे लागेल. कलम ३६८ खाली दोन्ही सभागृहांत हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश आणि एकूण सदस्यसंख्येचे बहुमत लागेल. अवघड आहे, पण घटनेच्या रचनेला ते परके नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे वेतन राज्याच्या एकत्रित निधीवर भारित आहे, विधानसभेच्या मतावर ते अवलंबून नाही. कलम २९०-अ मध्ये तर केरळच्या एकत्रित निधीतून त्रावणकोर देवस्वोम निधीला दरवर्षी साडेसेहेचाळीस लाख रुपये देण्याचे रकमेसह लिहिले आहे. देवस्थानांच्या एका निधीसाठी घटनेत आकडा लिहिता येतो, तर राज्याच्या प्रत्येक गावात जाणाऱ्या रस्त्यासाठी आणि गाडीसाठी एक कलम लिहिता येईल.

एका आक्षेपाची मला स्वतःला काळजी वाटते. असा निधी झाला की तो सगळा उड्डाणपूल आणि द्रुतगती मार्गांत जाईल. समृद्धी महामार्ग झाला, तो ७०१ किलोमीटरचा आहे आणि त्याचा उपयोगही आहे. पण बहिणीच्या गावची म्हातारी तिथून टोल भरून जाणार नाही. तेव्हा 'वाहतूक' या शब्दाची व्याख्या कलमातच हवी: आधी असलेल्या रस्त्यांची व पुलांची देखभाल, मग एसटी आणि शहर बससेवा, प्रवासी सवलतींची प्रतिपूर्ती, बसस्थानके, आणि उरले तर नवे बांधकाम. हा क्रम मी सहज लिहिलेला नाही. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि मोरभवनच्या बसस्थानकात गाड्या पाण्यात उभ्या होत्या. भर शहरातल्या बसस्थानकाची ही गत, तर तालुक्याच्या ठिकाणी काय असेल?

दुसरा आक्षेप अर्थखात्यातले माझे जुने सहकारी घेतात: सगळेच निधी असे बांधले तर अर्थमंत्र्यांच्या हाती उरेल काय? प्रत्येक खाते स्वतःचे कलम मागेल. मला हा आक्षेप खरा वाटतो, पण वाहतुकीच्या पैशात एक फरक आहे. तो विशिष्ट वापराबद्दल, विशिष्ट माणसाकडून घेतला जातो. आयकर किंवा विक्रीकर तसा नसतो. जिथे सरकार 'अमक्यासाठी' असे सांगून घेते, तिथेच बंधन मागते आहे. शिवाय २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचा निधी दुसऱ्या योजनेकडे वळवल्याची तक्रार खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीरपणे केली. मंत्र्यालाच आपल्या खात्याचा पैसा राखता येत नसेल, तर लवचीकतेची चिंता आधी करायची की विश्वासाची?

घटनादुरुस्तीला वेळ लागेल. तोवर राज्याला कायदा करता येतो. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये अनुसूचित जाती-जमाती उपयोजनांचा निधी राखण्यासाठी कायदे केलेच. कर्नाटकाच्या कायद्यात सातव्या कलमात 'मानीव खर्च' दाखवण्याची, म्हणजे सर्वांसाठीच्या कामावरचा खर्चही याच वर्गांसाठी झाला असे धरण्याची, एक पळवाट राहिली होती, ती काढायला २०२३ उजाडले. आपण कायदा करताना ती चूक टाळावी.

नागपूर आणि विदर्भातल्या सर्वपक्षीय आमदारांना माझी विनंती आहे. या अधिवेशनात संसदेला शिफारस करणारा ठराव मांडा. राज्यापुरता कायद्याचा मसुदा करण्यासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमायला सांगा आणि त्या समितीत एसटीच्या कर्मचाऱ्यांना व प्रवाशांना म्हणणे मांडू द्या. आणि या दोन्हींआधी एक काम करा, त्याला ठराव लागत नाही, समिती लागत नाही. गेल्या पाच वर्षांत वाहन कर, प्रवासी कर, इंधनावरचा अधिभार आणि टोल यांतून वर्षनिहाय किती जमले, आणि ३०५४, ५०५४ व ३०५५ खाली प्रत्यक्षात किती खर्ची पडले, हा जिल्हानिहाय तक्ता सभागृहाच्या पटलावर ठेवायला लावा. हे आकडे लेखा शाखांत तयार आहेत. मागणाऱ्याने मागितले की आठवडाभरात निघतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त लेखा अधिकारी
प्रतापनगर, नागपूर